तारीख : लिहिलेली आणि ताडलेली

दरवर्षी ३१ मे रोजी महाराष्ट्रातील शाळांतून आणि कचेऱ्यांतून निरोपसमारंभांची एकच गर्दी उसळते. हार, नारळ, शाल आणि भाषणे यांत तो दिवस निघून जातो, आणि एवढी माणसे एकाच दिवशी निवृत्त कशी होतात, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. त्याचे उत्तर शाळांच्या जुन्या जनरल रजिस्टरांत दडलेले आहे. खेड्यातला बाप मुलाचे बोट धरून शाळेत येई. गुरुजींनी जन्मतारीख विचारली, की तो 'मोठा पूर आला त्या साली' किंवा 'साथीच्या वर्षी' एवढेच सांगे. मुलाचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लागतो की नाही हे गुरुजी पाहत, वयाचा अदमास घेत आणि १ जून ही तारीख लिहून मोकळे होत. शाळा जूनमध्ये सुरू होई, तेव्हा पहिलीत घालण्यास ती तारीख सर्वांत सोयीची होती. त्या एका लेखणीच्या फटकाऱ्याने पुढे नोकरीची वयोमर्यादा ठरली, बढती ठरली आणि निवृत्तीचा दिवसही ठरला.

यात गुरुजींना दोष देणे अन्यायाचे होईल. अंदाज करणे त्यांना भागच होते. दोष होता तो रजिस्टराच्या आखणीत. 'ही तारीख सांगितलेली आहे' आणि 'ही तारीख अंदाजाने धरलेली आहे' असा भेद दाखवण्यास त्यात जागाच नव्हती. परिणामी खरी तारीख आणि मानलेली तारीख एकाच शाईने, एकाच रकान्यात शेजारी शेजारी बसल्या, आणि आज त्या वेगळ्या काढणे कोणाच्याही हाती उरले नाही.

ही जुनी कथा आज उगाळण्याचे कारण असे, की नेमकी तीच चूक अधिक मोठ्या प्रमाणावर पुन्हा होण्याचा संभव निर्माण झाला आहे. जुन्या नोंदींचे वाचन आणि लिप्यंतर यांना महाराष्ट्रात कधी नव्हे एवढे महत्त्व आले आहे. कुलवृत्तान्त काढणारी मंडळे घराण्यांची बाडे चाळीत आहेत. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतून पूर्वजांची नावे शोधली जात आहेत. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेल्यापासून तर कुणबी नोंदींच्या शोधासाठी मोडी आणि उर्दू दप्तरांची पाने मोठ्या संख्येने उलटली गेली. वंशावळ हा आता केवळ कुलाभिमानाचा विषय राहिलेला नाही, तो हक्काचा पुरावा झाला आहे. आणि अशा पुराव्यात नावाच्या खालोखाल महत्त्व असते ते तारखेला. जातीच्या दाखल्यासाठी इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७, विमुक्त जाती व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ आणि अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० हे मानीव दिनांक लागू आहेत. पुरावा त्या दिवसाच्या अलीकडचा की पलीकडचा, यावर एखाद्या विद्यार्थ्याचा प्रवेश अवलंबून राहतो.

एक दिवस, सहा आकडे

जुन्या कागदावरची तारीख उतरवून घेणे वरवर पाहता हमालीचे काम वाटते. ते तसे का नाही, हे एका सर्वपरिचित दिवसावरून ध्यानात येईल. पानिपतचा संग्राम १४ जानेवारी १७६१ रोजी झाला. हाच दिवस पंचांगाप्रमाणे पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२ होतो. विक्रम संवत् मोजणाऱ्यांच्या हिशेबी ते १८१७ साल होते, हिजरी गणनेने ११७४, दक्षिणेतील फसलीने ११७० आणि पेशवे दप्तरात सर्रास आढळणाऱ्या सुहूर सनाने ११६१. म्हणजे एकाच दिवसाचे सहा वर्षांक झाले. त्यांपैकी सुहूर, फसली आणि हिजरी हे तीन आकडे एकमेकांच्या इतके जवळ आहेत, की कागदावर सनाचे नाव पुसट झाले असेल, तर कोणता आकडा कोणत्या गणनेचा हे नुसत्या नजरेने ओळखणे कठीण. सुहूर सन फसली समजून वाचला तर घटना नऊ वर्षे मागे जाते, हिजरी समजून वाचला तर तेरा.

त्यातही सुहूर सन बहुधा अंकांत न लिहिता अरबी शब्दांत लिहिला जाई. 'इहिदे सितैन मया व अलफ' याचा अर्थ एक, साठ, शंभर आणि हजार, म्हणजे ११६१. एकं आधी, दहं नंतर, हा क्रम मराठी वाचकाच्या सवयीचा नाही. शिवाय 'सीत' म्हणजे सहा तर 'सितैन' म्हणजे साठ, 'सबा' म्हणजे सात तर 'सबैन' म्हणजे सत्तर. मोडीत ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळला जात नाही आणि शब्द सलग लिहिले जातात. अशा स्थितीत शेवटचे एक अक्षर कागदाच्या चुणीत गेले, की साठाचे सहा होण्यास वेळ लागत नाही. वाचकाने मूळ शब्द उतरवून ठेवले असतील, तर पुढचा जाणकार ती चूक पकडू शकतो. त्याने केवळ निष्पन्न झालेले इसवी साल लिहिले असेल, तर मात्र चूक कायमची झाली.

आकडे बरोबर वाचूनही धोका टळत नाही, कारण प्रत्येक गणनेचे वर्ष निराळ्या दिवशी पालटते. शकात अठ्ठ्याहत्तर मिळवले की इसवी सन येतो, असे शाळेत शिकवतात. वर्षाच्या पहिल्या नऊ-साडेनऊ महिन्यांपुरते ते खरे. पौषात इंग्रजी नवे वर्ष लागले, की त्यानंतरच्या तिथींना एकोणऐंशी मिळवावे लागतात. सरधोपट अठ्ठ्याहत्तर मिळवणारा पानिपत १७६० साली नेऊन ठेवील. सुहूर आणि मराठी मुलखातील फसली हे सन मृगारंभी बदलत. निजामी राज्यातील सरकारी फसली साल मात्र पुढे आझूर महिन्यापासून, म्हणजे ६ ऑक्टोबरपासून सुरू होई. म्हणून जुलै महिन्यातील एकाच दिवशी सीमेच्या अलीकडे एक फसली साल आणि पलीकडे दुसरे चालू असे. मराठवाड्यातील दप्तरांवर काम करणाऱ्याने पुणे-साताऱ्याची पद्धत तेथे तशीच लावली, तर तीन-चार महिन्यांच्या नोंदी एका वर्षाने सरकतात.

ही केवळ पंडितांची चर्चा नव्हे. समजा, एखाद्या उर्दू नोंदीत जन्मसाल १३२५ एवढेच आहे. हिजरी धरले तर ते १९०७-०८ होते, फसली धरले तर १९१५-१६. त्या गृहस्थाच्या मुलाचा जन्म १९२८ चा असेल, तर दुसऱ्या वाचनाने बाप-लेकांत बारा-तेरा वर्षांचेच अंतर उरते. पडताळणी करणारा अधिकारी अशा वंशावळीकडे संशयाने पाहणारच. मूळ घराणे खरे, कागद खरा, खोटा ठरतो तो फक्त मधल्या माणसाने न सांगता केलेला हिशेब. आणि त्याचे फळ भोगावे लागते ते त्या घरातील नातवाला.

गणना बदलते, सीमा बदलते

महिन्यांचीही तीच गत आहे. आपल्याकडे महिना अमावास्येला संपतो, उत्तरेत पौर्णिमेला. यामुळे शुद्ध पक्षात दोघांचे महिने जुळतात आणि वद्य पक्षात एका महिन्याचा फरक पडतो. आपली गोकुळाष्टमी श्रावण वद्य अष्टमीला येते. उत्तरेतील माणूस तीच भाद्रपद कृष्ण अष्टमी म्हणतो. आता साताऱ्याकडील एखादे वृद्ध गृहस्थ काशीयात्रेत निवर्तले आणि तेथील तीर्थोपाध्यायाने आपल्या वहीत 'भाद्रपद कृष्ण पंचमी, संवत् १९०७' अशी नोंद केली, असे समजू. घरी त्यांचे श्राद्ध 'श्रावण वद्य पंचमी'ला होते आणि बाडात शके १७७२ लिहिलेले आहे. दिवस एकच आहे. परंतु नियम ठाऊक नसलेला संपादक यातील एक नोंद 'दुरुस्त' करतो, किंवा एकाच नावाचे दोन पूर्वज कल्पून वंशवृक्षात एक फांदी वाढवतो. गुजरातेत तर संवत् कार्तिकात पालटत असल्याने तेथील वहीत त्याच दिवसाला संवत् १९०६ लिहिलेले असेल.

इंग्रजी तारीख तरी सरळ असते, असे समजणेही भाबडेपणाचे आहे. पोर्तुगालने १५८२ साली सुधारलेली ग्रेगरी गणना स्वीकारली. इंग्रजांनी ती १७५२ पर्यंत स्वीकारली नाही. त्या वर्षी इंग्लंडात २ सप्टेंबरच्या दुसऱ्या दिवशी १४ सप्टेंबर उजाडला. तोपर्यंत इंग्रजांचे कायदेशीर वर्षही १ जानेवारीस न बदलता २५ मार्चला बदलत असे. याचा संबंध थेट आपल्या किनाऱ्याशी पोचतो. १६६५ पासून मुंबई इंग्रजांकडे होती आणि १७३९ पर्यंत वसई पोर्तुगीजांकडे. म्हणजे खाडीच्या अलीकडे आणि पलीकडे प्रथम दहा आणि १७०० नंतर अकरा दिवसांचे अंतर कागदोपत्री नांदत होते. शिवाजी महाराजांनी सुरत प्रथम लुटली ती जानेवारी १६६४ मध्ये. त्या काळच्या इंग्रजी हिशेबाने ते वर्ष १६६३ च होते. वसई-मुंबईकडील एखाद्या कुटुंबाचा इतिहास लिहिणाऱ्याने दोन्ही दप्तरांतील तारखा एकाच रकान्यात ओतल्या, तर अंत्यविधी आधी आणि मृत्यू नंतर असा चमत्कार घडू शकतो.

महाराष्ट्रातील सर्वांत गाजलेला तारखेचा वाद शिवजन्माचा. शके १५४९ मधील वैशाख शुद्ध द्वितीया की शके १५५१ मधील फाल्गुन वद्य तृतीया, यावर पिढ्यान्‌पिढ्या शाई खर्च झाली. लोकमान्य टिळकांनी १९१६ साली जेधे शकावली प्रकाशात आणली आणि दुसऱ्या तिथीस बळ मिळाले. त्या शकावलीत वर्ष, महिना आणि तिथी यांच्या जोडीला संवत्सराचे नाव आणि वार शुक्रवार हेही दिलेले आहे. आता हा वार पाहा. वरवर तो अनावश्यक तपशील वाटतो. पण गणिताने ती तिथी जुन्या ज्यूलियन गणनेप्रमाणे १९ फेब्रुवारी १६३० ला येते, आजच्या ग्रेगरी गणनेने १ मार्च १६३० ला, आणि दोन्ही हिशेबांनी त्या दिवशी शुक्रवारच पडतो. नोंद स्वतःच स्वतःची साक्ष देते. शकावली उतरवून घेणाऱ्या कोणा शहाण्याने 'तिथी आली, वाराचे काय काम' म्हणून तो शब्द गाळला असता, तर ही साक्ष नष्ट झाली असती. आणि आपण पाळतो ती १९ फेब्रुवारी कोणत्या गणनेची आहे, हे मूळ तिथी शाबूत आहे म्हणूनच सांगता येते.

यंत्राचा आज्ञाधारकपणा

पूर्वी ही कामे दौत-लेखणीने होत, आता ती संगणकावर होतात. यंत्रामुळे शोध घेणे सोपे झाले, हे निर्विवाद. पण यंत्राचा एक दुर्गुण असा, की ते विचारल्याशिवाय तारीख 'नीट' करून टाकते. बहुतेक कचेऱ्यांत वापरली जाणारी एक्सेल ही तक्त्याची प्रणाली सर्वसाधारणपणे १ जानेवारी १९०० पूर्वीचा दिवस तारीख म्हणून ओळखतच नाही. १८९० ची नोंद तेथे नुसती अक्षरे म्हणून पडून राहते आणि १९१० ची नोंद तारीख बनते. मग क्रम लावताना दोन्हींची गल्लत होते. वर्षाचे शेवटचे दोनच आकडे लिहिले, तर प्रणाली आपल्या नियमाने शतक ठरवते. '५-४-२५' असे लिहिलेले पणजोबांचे लग्न १९२५ ऐवजी २०२५ साली लागते. आणि ५-४ म्हणजे पाच एप्रिल की चार मे, हे त्या यंत्राची मांडणी कोणत्या देशाच्या पद्धतीने केली आहे यावर ठरते. भरीस भर म्हणजे १९५७ पासून भारत सरकारने राष्ट्रीय दिनदर्शिका स्वीकारली. तिच्यातील शके आणि पंचांगातील शके यांचे आकडे सारखे, महिन्यांची नावे सारखी, पण ती सौर आणि पंचांग चांद्र. म्हणून सरकारी पत्रावरील 'श्रावण' आणि घरच्या पंचांगातला 'श्रावण' हे एक नव्हेत.

या सर्व गोंधळावर उपाय अवघड नाही. त्यासाठी विद्वत्तेपेक्षा शिस्त अधिक लागते आणि ती काही थोडक्या नियमांत बसते. पहिला नियम असा, की कागदावर जे आहे ते जसेच्या तसे उतरवावे. शब्द, वार, संवत्सर, चुकीचे वाटणारे अक्षरसुद्धा. दुसरा, इसवी सनातील रूपांतर स्वतंत्र रकान्यात द्यावे आणि मूळ गणना कोणती मानली, कोणत्या जंत्रीवरून हिशेब केला, हे शेजारी लिहावे. स्वामिकन्नू पिल्लै यांच्या १९२२ च्या ग्रंथासारखी साधने त्यासाठी उपलब्ध आहेत. तिसरा, रूपांतरित तारीख सर्वत्र एकाच रूपात असावी. वर्ष चार आकडी असावे आणि महिना अक्षरी लिहावा, किंवा १९८८ च्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असा क्रम पाळावा. चौथा, जे ठाऊक नाही ते रिकामे ठेवावे. केवळ साल माहीत असताना १ जानेवारी लिहिणे म्हणजे त्या १ जूनचीच पुनरावृत्ती. 'सुमारे', 'पूर्वी', 'नंतर', 'वाचता येत नाही' हे शब्द ठरवून घ्यावेत आणि सर्वांनी तेच वापरावेत. पाचवा, घटनेची तारीख आणि नोंदीची तारीख वेगळ्या ठेवाव्यात. जन्म आणि बाप्तिस्मा, मृत्यू आणि त्याची पाटलाकडे दिलेली खबर, यांत दिवसांचे आणि कधी महिन्यांचे अंतर असते. पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो आणि इंग्रजी तारीख मध्यरात्री. रात्रीच्या जन्माच्या नोंदीत दिसणारा एका दिवसाचा फरक ही पुष्कळदा चूक नसते.

यावर असा आक्षेप घेतला जाईल, की एवढे रकाने भरत बसलो तर काम संपणार कधी? दप्तरे अफाट, मोडी वाचणारे मोजके, आणि अर्जदार दाराशी उभे. हा आक्षेप उडवून लावण्याजोगा नाही. परंतु हिशेब दोन्ही बाजूंचा मांडला पाहिजे. मूळ शब्द उतरवण्यास लागणारा अर्धा मिनिट हा एकदाच होणारा खर्च आहे. तो वाचवला, तर पुढे शंका येईल तेव्हा पुन्हा त्या गावी, त्या कपाटापाशी, त्याच जीर्ण कागदापाशी जावे लागते, आणि तोवर तो कागद वाळवीने शिल्लक ठेवला असेल याची शाश्वती नाही. लिप्यंतराचा मोबदला नुसत्या पानांच्या संख्येवर ठरवला, तर वाचक शंकास्थळे गाळून पुढे जाईल, हा माणसाचा स्वभाव आहे. यास्तव 'वाचता येत नाही' असे प्रामाणिकपणे लिहिणाऱ्यास कमी लेखणारी पद्धत मुळातच बदलली पाहिजे. आज प्रत्येक संस्था आपापल्या रीतीने तारखा लिहीत राहिली, तर उद्या हे तक्ते एकत्र करताना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल. पुराभिलेखागारे, विद्यापीठांचे इतिहास विभाग, महसूल कचेऱ्या आणि कुलवृत्तान्त मंडळे यांनी मिळून एक पानभर नियमावली ठरवणे मुळीच अशक्य नाही. ती प्रत्येक वहीच्या आणि प्रत्येक तक्त्याच्या आरंभी असावी, म्हणजे पन्नास वर्षांनी येणाऱ्या वाचकास कोणत्या नियमाने काय लिहिले आहे हे कळेल.

१ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मदाखल्याला शाळाप्रवेशापासून नोकरीपर्यंत अनेक कामांसाठी स्वतंत्र पुराव्याचा दर्जा मिळाला आहे. त्या दिवसापासून जन्मणाऱ्यांना कोणी १ जून बहाल करण्याचे कारण उरलेले नाही. परंतु त्यांच्या आजा-पणजांच्या तारखा अजून बाडांत आहेत आणि त्या बाहेर काढणारे हात आजचे आहेत. कानाला हात लावून वय ठरवणाऱ्या गुरुजींपाशी दुसरा रकाना नव्हता. आजच्या लेखनिकापाशी हवे तितके रकाने आहेत. त्याने आपला अंदाज कागदाच्या तोंडी घातला नाही, एवढे जरी पाळले, तरी पुढच्या पिढ्यांना त्याचे काम तपासता येईल आणि त्याच्यावर विश्वासही ठेवता येईल.